घरी उघडलेली घड्याळं

"चिमटा कुणी घातला?" कानातल्या दुर्बिणीवरून डोळा न काढता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आजोबांनी मान कलतीच ठेवली. मांडीवर दप्तर घेऊन बसलेल्या नातीने कपाळावर हात मारला. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ती या कानात थेंब घालत होती, आंघोळीआधी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा बसवत होती, आणि तरी!

"साफ करायचं काम माझं. दर तीन आठवड्यांनी, इथे. ठरलं होतं ना?"

"खाज सुटते हो. त्यात काहीतरी सैल लागलं. म्हटलं, एवढ्याशासाठी तुम्हाला कशाला त्रास!" आजोबांनी खिशातून घड्याळाच्या सुट्या भागांची डबी काढली. स्प्रिंगांशेजारच्या खणात कणीएवढा पिवळट तुकडा होता. "अख्खा निघाला बघा. एका झटक्यात!"

"अहो, ते हाड आहे तुमचं!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "कानाजवळच्या त्या गाठीवर किरणं दिली, तेव्हापासून तिथे रक्त नीट पोचत नाही. हाड उघडं पडलंय. सैल तुकडा मी अलगद काढते. तुम्ही ओढलात, शेजारचं चांगलंही सुटलं. आता जखम दुप्पट! असंच चाललं तर ऑपरेशन. मग या कानाने ऐकू येईल, असं मी लिहून देणार नाही."

आजोबांचा हात उजव्या कानाकडे गेला. चाळीस वर्षं दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ याच कानाला लावून मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात देत आले होते.

"हात खाली!" दोघी एकदम ओरडल्या.

"हात शिवशिवतात गं, ठमे," आजोबा पुटपुटले. "बिघडलेलं कळतंय, आणि नुसतं बसायचं?"

ठमीने दप्तर खांद्याला लावलं आणि आजोबांचा हात धरून ती निघाली. घड्याळांच्या दुकानाशी आल्यावर ती तरातरा आत गेली, स्टुलावर चढली आणि आजोबांनी स्वतः रंगवलेली पाटी खिळ्यावरून उतरवून घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तोंड धुवायला गेलेले आजोबा बेसिनपाशीच थबकले. आरशावर दुकानातली पाटी टांगलेली होती, लाल अक्षरांत: घरी उघडलेली घड्याळं दुरुस्तीला घेतली जाणार नाहीत.

दारात ठमी तळहात पुढे करून उभी होती.

आजोबांनी सदऱ्याच्या खिशातला चिमटा काढून निमूटपणे तिच्या हातावर ठेवला.

तिने हात मागे घेतला नाही. "आणि दुसरा?"