सेन्सरची जागा

सकाळी शटर वर करून तिने आधी मागची खिडकी उघडली. रात्रभर कोंडलेला रबराचा वास हळूहळू निघून गेला. चाचणीच्या टाकीतलं कालचं पाणी तिने ओतून दिलं, पाइप सोडून ताजं भरलं, बॅटऱ्या चार्जिंगवरून काढून फळीवर मांडल्या आणि बाकावर जुना कागद पसरून पाने आणि पक्कड पुसायला घेतली. चहा अजून अर्धा व्हायचा होता, तेवढ्यात दारासमोर गाडी थांबली. पाण्यात बसून मासे धरायची, हवा भरलेली फ्लोट ट्यूब डोक्यावर धरून तिचा पूर्वीचा नवरा आत आला. गाडीत पुढच्या सीटवर त्याची आताची बायको आरसा खाली ओढून केस विंचरत होती.

"तू बसतेस होय दुकानात?" ट्यूब खाली ठेवत तो म्हणाला. "मला वाटलं, मामा असतील."

"मामा दुपारी येतात. बोला, काय हवंय तुम्हाला?"

"तुम्हाला? अगं, मी काय परका आहे?"

"गिऱ्हाइकाला मी तुम्हीच म्हणते."

तो हसला. त्याला पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारा फिश फाइंडर हवा होता, आणि तो ट्यूबवर बसवूनही हवा होता. उद्या तलावावर मंडळाची मासे धरायची स्पर्धा होती; त्याच्या ऑफिसातले साहेब काठावर बसून बघणार होते. तिने काउंटरवर दोन यंत्रं ठेवली.

"हे छोटं घ्या. पाय पाण्यात सोडून बसायचं, रबरी पंख मारत मागे मागे सरकायचं, त्याला एवढं पुरे. मोठं बोटीसाठी असतं."

"मोठंच दे. छोट्यात काय डोंबल दिसणार?" त्याने मोठा पडदा काचेतून गाडीकडे उंचावून दाखवला. गाडीतून एक अंगठा वर आला. मग तिच्याकडे निरखून बघत तो म्हणाला, "बरी दिसतेस. गोळ्या सुटल्या का?"

तिने हातातली पक्कड खाली ठेवली. रोज संध्याकाळी तो स्वतः पाण्याचा पेला घेऊन उभा राहत असे आणि तिने गोळी गिळल्याशिवाय हलत नसे. हिला भास होतात, नाही ते दिसतं, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं, तिच्या आईला सांगितलं होतं. आईनेही मान डोलावली होती. ज्या भासावर ती गोळी होती, तो आता बाहेर गाडीत बसून केस विंचरत होता.

"सुटल्या," ती म्हणाली. "घर सोडलं त्याच आठवड्यात."

"चांगलं झालं. मला काळजी वाटायची गं."

ती भिंतीवरचा दांडा काढून घेऊन आली. तो ट्यूबच्या बाहेरच्या कडेला बसवायचा आणि त्याच्या टोकाला, पायांपासून दूर, यंत्राचा सेन्सर पाण्यात उतरवायचा.

"हा बांबू कशाला? शेवाळात अडकेल." त्याने बैठकीच्या पुढच्या कडेवर, दोन गुडघ्यांच्या बरोबर मधे बोट टेकवलं. "इथे लाव. सरळ खाली बघेल."

"तिथे लावला, तर पडद्यावर..."

"झालं तुझं सुरू." तो कौतुकाने हसल्यासारखा हसला. "नसलेलं दिसायचं काही थांबलं नाही वाटतं अजून. मी सांगतो तिथे लाव ना, बाई."

 दुसरं कुणी असतं तर ती भांडली असती. मागच्या हंगामात एका दंतवैद्याने हाच हट्ट धरला होता. पायातले रबरी पंख पडद्यावर दोन जाडजूड मासे होऊन उमटले. तो हलला की ते हलत, तो थांबला की थांबत. बिचारा सकाळभर स्वतःच्याच पायांच्या मागे लागला होता. तिने त्याला चहा पाजला, सेन्सर काढून नीट बसवून दिला, आणि तेव्हापासून तसं काम एकदाही दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. हिच्या हातचं काम चुकत नाही, असं तलावावर लोक म्हणत. लोक तिच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवू लागले होते ते या कामामुळेच.

तिने दांड्याकडे पाहिलं. मग बैठकीच्या कापडावर अजून टेकलेल्या त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"बरं. तुम्ही सांगाल तिथे."

दांडा तिने पुन्हा खुंटीला लावला. अशा कामाला ती एरवी पट्टे वापरत असे. पट्टा सैल करून जागा बदलता येते. पट्ट्यांचा डबा तिने उघडला आणि तसाच बंद केला. खणातून ग्लू आणि रबरी पॅच काढला. कापड स्पिरिटने पुसलं, दोन्हीकडे ग्लूचा पातळ हात फिरवला, वाळू दिला आणि पॅच तळव्याने दाबून धरला. आता तो काढायचा तर ट्यूबचं कापडच फाडावं लागलं असतं.

मग त्यावर सेन्सर बसवून तिने ट्यूब टाकीत तरंगवली. पडद्यावर टाकीचा तळ स्वच्छ उमटला.

"बघ," तो म्हणाला. "उगाच घाबरवत होतीस."

बाहेर हॉर्न वाजला. "आलो गं, आलो," म्हणत तो डिकी उघडायला गेला.

तिने यंत्राची सेटिंग उघडली. हलेल त्या प्रत्येक सावलीला माशाचं चित्र, असं नोंदवलं. प्रत्येक माशाला शिट्टी, असं नोंदवलं. काठावरच्यांनाही ऐकू जावी म्हणून शिट्टीचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. मग दुकानाचं लेबल घेऊन, काम करणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून, तिने ते पडद्याच्या बरोबर खाली चिकटवलं.