बिनमिठाचा दुधी

चार दिवस निसर्गोपचाराच्या आश्रमात जोडीनं सुट्टी घालवायची, ही राजनंदिनीच्या नवऱ्याची, परमेश्वरचीच टूम. तिथं ना दारू, ना मटण. दोन्ही वेळा उकडलेला, बिनमिठाचा दुधी. पहिल्या जेवणाला राजनंदिनी धास्तीनं अंग चोरून बसली. पण नवरा गुमान जेवला, वर वाढणाऱ्या बाईला हात जोडून म्हणाला, "लय ग्वाड झालाय बघा, माय."

रोज तसाच जेवला. बाकीच्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं!" राजनंदिनीच्या मात्र अंगाची लाही लाही व्हायची.

परतताना पालमच्या एसटीत तो छाती फुगवून म्हणाला, "बघितलंस? थेंबालाबी शिवलो न्हाई. मनात आणलं की जमतंय."

तिनं कपाळावरचा पदर मागं सारला. भुवईवरचा टाक्यांचा वण उघडा पडला.

"मटणात मीठ कमी पडलं म्हणून ताट फेकून मारलं, तवा तुमी म्हणलात, म्या न्हाई, दारूनं मारलं. माहेरीबी मी तेच सांगितलं." अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "मनात आणलं की जमतंय म्हणता, मग तवा मनात काय होतं?"