मुकाट यंत्र

शिडाच्या होडीचं सुकाणू आपोआप फिरवणारं यंत्र निवडायला निवृत्त मास्तर बायकोसोबत दुकानात आले होते. मनगटं दुखायची, त्यामुळे त्यांना तासन्‌तास चाक धरवत नव्हतं. दुकानदाराने दोन यंत्रं समोर ठेवली. "हे स्वस्त, पण घरघरतं. ते महाग, पण मुकाट." मास्तर लगेच म्हणाले, "मुकाट द्या. हिची झोपायची जागा बरोबर चाकाखाली आहे." "मला तर यंत्रच नको," बायको हळूच म्हणाली. "चाक कुरकुरत असलं की खाली पडल्यापडल्या कळतं, हे वर आहेत. उद्या हे पाण्यात पडले तरी यंत्र होडी पुढे नेत राहील." मास्तरांना आजवर वाटायचं, ही खाली गाढ झोपते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मुकाटच द्या," ते म्हणाले. "ही आता वर माझ्याजवळ बसेल." "आणि मी झोपायचं कुठे?" "माझा खांदा मोकळाच असेल की."