हवेची जाळी

"अण्णा, बाहेरून येताना कपड्यांवर फुलांचे परागकण तुम्हीच घेऊन येता," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तरी यशवंतअण्णांच्या ते जिव्हारी लागलं. कोल्हापूरहून ते टेक्सासला मुलाकडे आले, त्याच आठवड्यात तिथली झाडं फुलली आणि पाच वर्षांची नात ईरा शिंकून शिंकून बेजार झाली.

अण्णांनी फिरणं सोडलं. दोनदा अंघोळ करून पाहिली. शिंका थांबेनात, आणि त्यांना कुठे बसवेना. अखेर ते मुलाला म्हणाले, "माझं परतीचं तिकीट लवकरचं काढ."

त्या दुपारी नातीशी पत्ते खेळताना त्यांच्या ध्यानात आलं, की एसीची घरघर सुरू झाली की पोरगी शिंकते. त्यांनी भिंतीतल्या हवेच्या जाळीचे स्क्रू काढले. आतला फिल्टर घोंगडीसारखा जाड झाला होता आणि मागच्या पाइपात पिवळट धुळीचा थर साचला होता.

"हा शेवटचा कधी बदललास?"

मुलगा ओशाळला. "घर घेतल्यापासून बदललाच नाही."

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन सगळे पाइप साफ करून गेली, नवा फिल्टर बसला. जेवून ईरा झोपली. अण्णा दाराशी कान देऊन उभे राहिले. आत्ता शिंकेल, मग शिंकेल. तास उलटला. सून हळूच शेजारी आली.

"अण्णा, मी तुम्हाला उगाचच..."

"हळू बोल," ते कुजबुजले. "पोर जागी होईल."