माळावरची लोखंडी शाळा

डोळे मिटा आणि कवठे महांकाळकडचा एक उघडा माळ मनात आणा. झाड एकच, तेही बाभळीचं. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माळावर लोखंडाच्या सात चौकटी ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीला मधोमध शेंडा आणि दोन्ही बाजूंना उतार. कारखान्यात तयार होऊन त्या ट्रकनं आल्या आणि इथं नुसत्या नटबोल्टांनी जोडल्या गेल्या. वर पत्रे चढले की शाळा तयार.

दहा वर्षांची हरणा रोज तिथं येऊन बसे. तिला आई नव्हती. बाप धुळा दिवसभर मेंढरांमागं. बोलायला कुणी नाही. गावातल्या जुन्या शाळेत तिचं नाव दोनदा लागलं आणि दोनदा कमी झालं. कारण दिवाळी झाली की धुळा कळप घेऊन निघे, तो पावसाच्या तोंडालाच परते.

चौकटी उभारणारा फिटर जोतीराम उंब्रजचा. तो तिला बोल्ट मोजायला लावी. चुकली की म्हणे, अशी मोजशील तर तुझ्या बाची निम्मी मेंढरं लांडगा नेईल आणि तुला कळायचंही नाही. ती हसे आणि पुन्हा मोजे. शंभरापर्यंत ती तिथंच शिकली. नव्या शाळेत पहिल्या ओळीत बसायचं, हे तिनं त्याला बजावून ठेवलं होतं.

पत्रे चढू लागले आणि कारखान्याची चिठ्ठी आली. पहिल्या कागदावर गाव चुकलं होतं. शाळा आष्ट्याची होती. सगळं उतरवून तिकडं न्यायचं होतं.

जोतीराम दोन दिवस हरणाची नजर चुकवत राहिला. तिसऱ्या दिवशी पहिला पत्रा खाली आला, तेव्हा सांगणं भाग पडलं.

"हरणे, शाळा आष्ट्याला चालली."

"समदी?"

"समदी. एक बोल्ट मागं ऱ्हायचा न्हाई."

तिनं विचारलं, "तिकडं पाणी हाय का?"

"लय. नदी जवळ हाय."

ती उठून गेली. पुन्हा आली नाही. ट्रक भरून निघाला तेव्हा जोतीरामानं सगळ्या माळावर नजर फिरवली. माळाच्या कडेचं धुळाचं पालही दिसलं नाही. पोरीनं आपलं तोंड बघायचं नाही असं ठरवलं, असंच त्याला वाटलं. उंब्रजला घरी आठवडा काढला, पण अन्न गोड लागलं नाही.

तो आष्ट्याला पोचला तेव्हा पहिली चौकट उभी राहत होती. नव्या चौथऱ्यावर हरणा बसली होती, फळा लागणार त्या बाजूला तोंड करून. पलीकडं नदीकाठी धुळाची मेंढरं चरत होती. यंदा दिवाळीआधीच निघून, पाच मुक्काम करून बापलेक कालच आले होते.

जोतीरामला पाहून ती धावत आली.

"मामा, गावातली ती जुनी शाळा एकाच जागी बसायची. ही आमच्यावानी हाय."

मग तिनं त्याच्या हातातला पाना घेतला आणि विचारलं, "दिवाळी झाल्यावर ही कुठं जाणार?"