पॅनेलवरचा डॉक्टर

"झोप कधीपासून नाही?" डॉक्टरांनी लालासाहेबांना विचारलं.

उत्तर सुनेनं, क्रांतीनं दिलं. "मामांना चार महिने झाले. डोळा लागतो, पण दचकून जागे होतात."

लालासाहेबांनी मान हलवली. निवृत्त सुभेदार. पाठ ताठ, मांडीवर पाच महिन्यांची नात.

"काय बी सांगतीया ही," शालूबाई मध्येच म्हणाल्या. "जलमभर ह्यांच्या घोरण्यानं मी जागी, आन म्हनं ह्यास्नी झोप न्हाई!"

"घोरणं वेगळं, झोप वेगळी, आजी," डॉक्टर म्हणाले.

हे डॉक्टर सापडेपर्यंत क्रांतीचा उन्हाळा फोनवर गेला होता. माजी सैनिकाच्या मोफत उपचारांचं कार्ड म्हटलं की साताऱ्यातले दवाखाने विचारत, गुडघा की मोतीबिंदू? मनाचं म्हटलं की पलीकडचा आवाज बारीक व्हायचा. एकाची या कार्डाच्या पॅनेलवर असण्याची मुदत संपलेली. एकानं बिलं अडकतात म्हणून कार्ड घेणंच सोडलेलं. शेवटी एका दवाखान्यातल्या बाईनं सांगलीचा नंबर दिला. "पेशंट कार्डावरच आहे ना? स्वतः किंवा बायको. सुनांना चालत नाही हं," असं म्हणून ती हसली होती. रोख देऊन दाखवायचं तर वीरधवलला सांगावं लागलं असतं. तो तिचा नवरा, शिरवळच्या कंपनीत कामाला. त्याचं एकच, घरात रिकामं बसलं की डोक्यात असलं येतं.

फलटणहून निघाल्यापासून लालासाहेबांनी नात कुणाकडं दिली नव्हती. "आवं, आईकडं द्या की तिला," शालूबाई एसटीत दोनदा बोलल्या. त्यांनी दुधापुरती दिली आणि लगेच परत घेतली.

"भीती कसली वाटते?" डॉक्टरांनी विचारलं.

लालासाहेबांनी क्रांतीकडं पाहिलं.

"विहिरीची," क्रांती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाळ कडेवर असलं की मळ्यातल्या विहिरीकडं पाय वळतात. जायचं नसतं, तरी वळतात. मग बाळाला तिथंच बांधावर ठेवून घरात पळत यायचं. विळी समोर नको वाटते. बाळाचा जीव नकोसा आहे असं नाही, डॉक्टर. लय हवासा आहे. म्हणूनच भीती वाटते."

बोलताना ती टेबलाच्या कडेकडं बघत होती.

डॉक्टरांनी लालासाहेबांकडं पाहिलं.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "आसंच हुतंय."

डॉक्टर लिहायला लागले. "बरं होतं हे. गोळ्या सुरू करू, दर पंधरवड्याला यायचं. पण तोवर बाळाला यांच्याजवळ एकटं सोडायचं नाही. अजिबात नाही."

शालूबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, नवऱ्याच्या मांडीवरून नात ओढून घेतली आणि क्रांतीच्या पुढ्यात धरली. "घे बाई. आता आईजवळच ऱ्हाऊ दे. ह्यांच्या हाताला लागू द्यायची न्हाई."

क्रांतीनं दोन्ही हात मागं घेतले.

"अगं, धर की! लेकरू हाय तुजं!"

क्रांती खुर्ची आणखी मागं रेटून बसली. लालासाहेब उठले. त्यांनी बायकोच्या हातातून नात काढून घेतली, खांद्यावर टाकली.

"शालू, तिच्याकडं नगं," ते म्हणाले. "मला काय झाल्यालं न्हाई. समदं तिला हुतंय. मी निस्ता संगं आलोय."

शालूबाईंनी सुनेकडं पाहिलं. क्रांतीनं पहिल्यांदाच मान वर केली. चार महिने ज्या डॉक्टरांशी बोलायचं होतं ते आता हातभर अंतरावर होते.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. त्यांनी लिहिलेला कागद बाजूला सारला, टेबलावरचं कार्ड उचललं आणि त्यावरचा लालासाहेबांचा फोटो पाहिला.

"मग सूनबाईंचं नाव," त्यांनी लालासाहेबांनाच विचारलं, "कार्डावर आहे का?"