घरात कुणाला खोकला?

क्रोन्सच्या आजारानं पूर्वाचं आतडं दोन वर्षं सुजलेलं होतं. मऊ भाताशिवाय काही पचत नव्हतं, खराडीतली नोकरी सुटायच्या बेतात होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करू. पण सूज उतरवताना ते प्रतिकारशक्तीही दाबतं, मग टीबी पटकन गाठतो. हिच्या तपासण्या ठीक आहेत. घरात कुणाला बरेच दिवस खोकला? असेल तर आत्ता थांबावं लागेल."

पूर्वानं घाबरून वडिलांकडे पाहिलं.

"नाही हो, कुणालाच नाही," सुखदेव म्हणाले आणि गालातली लवंग त्यांनी जिभेखाली सरकवली.

इंजेक्शनं सुरू झाली. सुखदेव भर जानेवारीत गॅलरीत झोपायला लागले. विचारलं, तर म्हणायचे, "आत उकडतं." जेवणाचं ताटही तिकडेच न्यायचे.

तिसऱ्या इंजेक्शननंतर पूर्वानं दोन वर्षांत पहिल्यांदा अख्खी भाकरी खाल्ली. कळ आली नाही. ती धावत गॅलरीत गेली आणि वडिलांच्या गळ्यातच पडली.

"पप्पा, सुटले मी! ...अहो पप्पा, श्वास का रोखून धरलाय?"